बायोएन्झाइम बिघडलंय असं वाटतंय? ओतून द्यायच्या आधी एवढं बघा

बायोएन्झाइम म्हणजे फळांच्या साली आणि गूळ पाण्यात आंबवून घरी केलेलं साफसफाईचं पाणी. आमच्या सोसायटीत कोणाची एन्झाइमची बरणी बिघडली की ती माझ्या दारात येते. सात-आठ वर्षं झाली घरी करतेय, पहिल्या तीन बॅच मी स्वतःच गटारात ओतल्यात, त्यातल्या दोन तर चांगल्या होत्या हे नंतर कळलं. म्हणून लिहितेय. कारण दर वेळी तेच ठरावीक प्रॉब्लेम असतात आणि दर वेळी लोक घाबरून तीच चूक करतात, म्हणजे एक तर ओतून देतात नाहीतर अंदाजाने अजून गूळ ढकलतात.

आधी प्रमाण एकदा सांगून टाकते म्हणजे पुढचं समजेल. १ भाग गूळ, ३ भाग फळांच्या कच्च्या साली, १० भाग पाणी, आणि ३ महिने थांबायचं. ही पद्धत थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूम्पनवोंग यांच्यामुळे जगभर पसरली, आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आली, आणि येताना बरोबर बऱ्याच थापा पण घेऊन आली. त्यात ओझोन तयार होतो, ढक्कन उघडलं की हवा शुद्ध होते वगैरे काही नाही हो. निघतो तो कार्बन डायऑक्साइड. सालींवरचं यीस्ट गूळ खातं, त्याचं थोडं अल्कोहोल होतं, मग बॅक्टेरिया त्याचं आंबट करतात, शेवटी हातात येतं ते म्हणजे सौम्य व्हिनेगरसारखं आंबट पाणी, त्यात थोडेफार एन्झाइम. एवढं लक्षात ठेवलं की काय बिघडलं ते निम्मं आपोआप कळतं, कारण आंबट झालं तर टिकतं, आंबट नाही झालं तर सडतं.

काय काय दिसतं

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा:

- बाटली टम्म फुगली, दगडासारखी कडक झालीय
- आठवडा झाला तरी काहीच हालचाल नाही, गॅस नाही, बुडबुडे नाहीत
- वर पांढरी साय आलीय
- वर हिरवी किंवा काळी लव आलीय, भाकरीवर येते तशी
- दारूसारखा वास येतोय (ही तक्रार सहसा सासूबाईंची असते)
- नाल्यासारखा, सडक्या अंड्यासारखा वास येतोय
- अळ्या झाल्यात, चिलटं घोंगावतायत
- सगळं नीट झालं पण साफच काही होत नाही, किंवा फरशी चिकट होते, मुंग्या येतात
- ओट्यावर पांढरट डाग पडले

आता तपासायचं कसं. फुकटातल्या गोष्टी आधी.

१. तारीख बघा

हसू नका. निम्म्या बरण्या मी फक्त "कधी लावलं?" एवढं विचारून परत पाठवते. पहिल्या महिन्यात ताडीसारखा, उसाचा रस दुपारपर्यंत राहिल्यावर येतो तसा वास येणारच, ते यीस्टचं काम चालू असल्याचं लक्षण आहे. दुसऱ्या महिन्यात तो व्हिनेगरकडे झुकतो. म्हणजे विसाव्या दिवशी दारूचा वास येतोय म्हणून ओतून देणं म्हणजे विरजण लावून तासाभरात दही झालं नाही म्हणून दूध फेकण्यासारखं आहे. थंडीत अजून वेळ लागतो. डिसेंबरात पुण्यात गॅलरीत ठेवलेली बॅच माझी तीन महिन्यांत झालीच नाही, चार लागले, आणि तीच एप्रिलमध्ये दोन दिवसांत फसफसते. तारीख बाटलीवर मार्करने लिहा, आणि त्याच्याखाली "पिऊ नये" असं पण मोठ्या अक्षरात लिहा, कारण गाळलेलं एन्झाइम चिंचगुळाच्या पाण्यासारखं दिसतं आणि आमच्याकडे सासऱ्यांनी एकदा ग्लास भरून घेतला होता, तोंडाला लावायच्या आधी नशिबाने वास आला.

२. नाकाने तपासा

गंमत नाही, पीएच पट्टीच्या (आंबटपणा मोजायची कागदी पट्टी, आकडा जेवढा कमी तेवढं जास्त आंबट) आधी नाक. आंबट, फळांचा, दारूचा, व्हिनेगरचा वास असेल तर वर काहीही दिसू दे, बॅच बहुतेक वाचते. नाल्याचा, मेलेल्या उंदराचा, सडक्या अंड्याचा वास असेल तर आतलं काहीतरी कुजतंय. मधला एक प्रकार असतो, कांदा-लसणाच्या साली किंवा कोबीची पानं टाकली की येतो तो उग्र वास. ते बिघडलेलं नसतं, फक्त घरात कोणी वापरू देत नाही. ते टॉयलेटसाठी ठेवा.

३. फुगलेली बाटली: सगळ्यात आधी ही सोडवा

ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यात खरंच लागू शकतं, म्हणून इथे घाई नको. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून गॅस सोडायचा असतो, फुस्स झालं की परत बंद. लोक लग्नाला चार दिवस गावी जातात आणि आल्यावर बाटली गोल गरगरीत. ती तशीच झर्रकन उघडली तर साली, गूळपाणी सगळं छतापर्यंत जातं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंच्या स्वयंपाकघराच्या छताला अजून डाग आहे.

प्लॅस्टिकची बाटली असेल तर ती आधी चारपाच तास फ्रीजमध्ये ठेवा, थंडीत गॅस पाण्यात जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. मग बादलीत उभी करा, वर ओला टॉवेल टाका, तोंड बाजूला ठेवून झाकण अगदी पाव आटा फिरवा आणि थांबा. शूऽऽ आवाज पूर्ण बंद झाल्यावरच पुढचं फिरवायचं.

काचेची बरणी घट्ट झाकणाची असेल आणि आतून दाब दिसत असेल तर तिला उचलू नका, हलवू नका, मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा, वरून जाड गोधडी टाका आणि चष्मा लावून, गोधडीवरूनच धरून झाकण सैल करा. झाकण फिरतच नसेल तर जोर लावायचा नाही, पकड आणायची नाही, गोधडी तशीच राहू द्या आणि सोसायटीतल्या जाणत्या माणसाला बोलवा. आणि पुढच्या वेळी काच वापरू नका, एवढं ऐका. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली सगळ्यात बेस्ट, ती दाबासाठीच बनवलेली असते.

बाटली रोज फुगतेच आहे आणि आत जागाच नाही असं असेल तर तुम्ही काठोकाठ भरलीय. दोन लिटरच्या बाटलीत १ लिटर पाणी, ३०० ग्रॅम साली, १०० ग्रॅम गूळ, बास. वर जागा राहिलीच पाहिजे, फेस चढतो.

४. साली वर तरंगतायत का

पांढरी साय असो, लव असो, मूळ कारण दहातल्या सात वेळा हेच असतं. पाण्याच्या वर राहिलेल्या सालीला हवा मिळते, आणि तिथपर्यंत आंबटपणा पोचलेला नसतो, मग बुरशीला आयतं घर. म्हणून पहिले दोन आठवडे रोज गॅस सोडून झाकण परत लावल्यावर बाटली आडवीतिडवी हलवायची किंवा बरणी असेल तर लाकडी उलथन्याने साली खाली दाबायच्या. फुकटचा उपाय आहे आणि सगळ्यात जास्त हाच विसरला जातो.

आता साय आणि बुरशी यातला फरक. पांढरी, पातळ, सुरकुत्या पडलेली, बोट लावलं की तुटणारी साय म्हणजे जंगली यीस्ट. लोणच्याच्या खारावर पण कधीकधी येते. काही करायचं नाही, हलवून टाका किंवा चमच्याने काढा. पण केसाळ, कापसासारखी, हिरवी-काळी-गुलाबी असेल तर ती बुरशी. फक्त वर एखादा ठिपका आहे आणि खालचा वास छान आंबट आहे, तर मी तेवढा भाग आजूबाजूच्या सालींसकट काढते आणि थोडा गूळ टाकून परत लावते. काढताना नाकाला रुमाल बांधा, बुरशीची भुकटी हुंगायची नसते. घरात कोणाला दमा असेल तर हे वाचवायचे उद्योग करूच नका, टाकून द्या. शंभर ग्रॅम गुळाचा तर प्रश्न आहे.

अळ्या म्हणजे झाकण रात्रभर सैल राहिलं आणि चिलटांनी अंडी घातली. वास चांगला असेल तर गाळून घ्या आणि घट्ट बंद करा. मला स्वतःला मात्र अळ्यावालं वापरायला जीव होत नाही, ते मी पातळ करून झाडांखाली टाकते.

५. काय टाकलंय ते आठवा

इथे लोक खरं सांगत नाहीत! खोदून विचारलं की कळतं, आदल्या दिवशीचा भात टाकला, चहाची दुधाची पावडर टाकली, पोळीचे तुकडे टाकले, "ओला कचराच आहे ना". नाही. फक्त कच्चं. शिजवलेलं, तेलाचं, दुधाचं, मांसमच्छी यातलं काहीही आत गेलं की ते आंबायच्या आधी कुजतं, आणि तो सडक्या अंड्याचा वास तिथूनच येतो. अशा बॅचला मी वाचवायचा प्रयत्न करत नाही.

उलटा प्रॉब्लेम पण असतो, काहीच होत नाही. नागपूरची संत्री आली की लोक फक्त संत्र्याच्या साली भरतात, वास मस्त येतो पण फसफसायला वेळ लागतो, कारण त्या सालीतलं तेल जंतूंना पण आवडत नाही. त्यात मूठभर अननसाच्या किंवा पपईच्या साली टाकल्या की दोन दिवसांत बुडबुडे. अननसाची साल मी कधी धूत पण नाही फार, वरची माती तेवढी झटकते, कारण यीस्ट तिथेच बसलेलं असतं. ज्यूसच्या गाडीवर मोसंबीच्या सालींचं पोतंच्या पोतं फुकट मिळतं, पण संध्याकाळचं घेऊ नका, सकाळचं ताजं घ्या.

६. पाणी

नळाला क्लोरीनचा वास येत असेल, पावसाळ्यात येतोच, तर तेच क्लोरीन तुमच्या यीस्टला मारतंय. पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा किंवा उकळून पूर्ण गार करा. गरम पाणी ओतलं असेल तर विषय संपला, सालींवरचं सगळं मेलं. तेव्हा जुन्या चांगल्या बॅचचं अर्धी वाटी पाणी विरजण म्हणून घाला. शेजारणीकडे असेलच.

७. वजनकाटा काढा

इथून पुढे थोडी मेहनत. १:३:१० हे वजनाने आहे, वाटीने नाही. एक वाटी किसलेला गूळ दाबून भरला तर जड भरतो, आणि तीन वाट्या साली म्हणजे मध्ये सगळी हवा. म्हणजे वाटीने मोजलं की साली कमी, गूळ जास्त, मग ते महिनोन्‌महिने गोड आणि दारूच्या वासाचं राहतं आणि शेवटी फरशी चिकट करतं. उलट "गूळ महागलाय" म्हणून खडा टाकला तर जंतूंना खायला नाही, आंबटपणा येत नाही आणि साली कुजतात. काटा नसेल तर वाण्याकडून गूळ मोजून आणा आणि तिप्पट साली भाजीवाल्याच्या काट्यावर टाका, लाजायचं काय त्यात.

गूळ काळा, चिक्कट, स्वस्तातला घ्या. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात केमिकल घालतात, आणि इथे रंगाला कोण विचारतंय.

कमी गूळ पडलाय असं वाटलं तर राहिलेला गूळ पाण्यात विरघळवून घाला आणि त्या दिवसापासून परत मोजायला लागा. हां, आणि परत फुगणार ते, गॅस सोडायला विसरू नका.

८. पीएच पट्टी

आता पहिल्यांदा पैसे खर्च. लॅबचं सामान किंवा मत्स्यपालनाचं सामान विकणाऱ्या दुकानात पट्ट्यांचं छोटं पुस्तक मिळतं, वर्षानुवर्षं पुरतं. निळालाल लिटमस नको, रंगांचा तक्ता असलेलं पाहिजे. महिन्याभराने पीएच ४ च्या खाली आला असेल तर निर्धास्त रहा, एवढ्या आंबटात कुजवणारे जंतू टिकत नाहीत. साडेचार-पाचवर अडकलाय तर गूळ आणि विरजण घालून अजून दोन आठवडे द्या. तरीही हलत नसेल आणि वास बदलायला लागला असेल तर माझ्या हिशेबाने ती बॅच गेली, कंपोस्टच्या खड्ड्यात सुक्या पानांबरोबर टाका, थोडी थोडी. बाथरूमच्या जाळीत एकदम ओतू नका, साली अडकतात.

९. तयार झालंय पण साफ होत नाही

इथे मी थोडी स्पष्ट बोलते. हे जादूचं पाणी नाही. आंबट आहे, म्हणून बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचे पांढरे क्षार नळावरून, बादलीवरून, टाइलवरून मस्त काढतं. दहा मिनिटं ठेवा, घासा, धुवा. नळावर रात्रभर ठेवू नका, चकाकी जाते. तेलकट कढईला मात्र ते काही करू शकत नाही, त्याला फेस लागतो. त्यासाठी दहाबारा रिठे रात्री भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करून गाळायचे, आणि ते पाणी अर्धंअर्धं मिसळायचं. हे मिश्रण आठवडाभरच टिकतं, म्हणून थोडंच करा.

काही जण त्यात खायचा सोडा टाकतात, फस्स होतं म्हणून खूश होतात. आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात हो! तीन महिन्यांची मेहनत एका चमच्यात संपली.

फरशी चिकट होत असेल तर एक तर लवकर गाळलंय नाहीतर जास्त घातलंय. बादलीभर पाण्याला अर्धी वाटी पण जास्त होते, दोन टोपणं पुरे. आणि हॉस्पिटलसारखं निर्जंतुक करायचंय, घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्यात, तेव्हा हे वापरून समाधान मानू नका, तिथे दुकानातलं जंतुनाशकच लागतं.

१०. दगडावर डाग

याचं मला सगळ्यात वाईट वाटतं कारण हे घरच्या घरी पूर्ववत होत नाही. कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर, या सगळ्यांत चुनखडी असते आणि आंबट लागलं की ती विरघळते. डाग चढत नाही, वरचा थर खाल्ला जातो, म्हणून कितीही घासा तो जात नाही, उलट वाढतो. जुन्या वाड्यातल्या आणि जुन्या बिल्डिंगमधल्या लोकांनी तर आधी एका कोपऱ्यात थेंब टाकून बघायचं, दहा मिनिटांनी पुसलं की तेवढी जागा निस्तेज दिसली तर तिथे हे एन्झाइम बंद. सिरॅमिक टाइलला काही होत नाही. पितळ, तांबं, ॲल्युमिनियमच्या भांड्यात साठवू पण नका.

ओट्यावर एकदा मोठा पांढरा डाग पडला की घरचे उपाय थांबवा. लिंबू तर अजिबात नको, लोक नेमकं तेच चोळतात. दगड पॉलिश करणाऱ्याला बोलवा, तो घासून परत चमक आणतो, दुसरा मार्ग नाही.

कुठे थांबायचं

ब्लीचिंग पावडर किंवा टॉयलेटचं क्लोरीनवालं लिक्विड टाकलंय आणि वरून एन्झाइम ओतलं, तर क्लोरीन गॅस निघतो. डोळे चुरचुरले, खोकला आला तर साफ करत बसू नका, दार उघडं टाकून बाहेर या, खिडक्या बाहेरून उघडता आल्या तर उघडा. छातीत घट्ट वाटलं किंवा श्वास लागला तर थेट डॉक्टर, "बरं वाटेल थोड्या वेळात" नाही.

बाटली फुटून डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काच लागली असेल तर काढायचा प्रयत्न घरी करू नका.

सिंक तुंबलंय म्हणून लोक माझ्याकडे एन्झाइम मागायला येतात. रात्री एक कप ओतून ठेवलं तर वास जातो, थोडा चिकटा सैल होतो. दोन रात्री करूनही पाणी हळूच जात असेल तर ते आत अडकलेल्या गोळ्याला काही करणार नाही. आणि सिंकमध्ये पाणी सोडल्यावर बाथरूमच्या जाळीतून वर येत असेल तर तुमच्या घराचा प्रॉब्लेमच नाही तो, खालचं चेंबर भरलंय, प्लंबर आणि सोसायटीचा सेक्रेटरी, दोघांना फोन करा, तिसरी रात्र वाट बघू नका.